सुट्टी नक्की कोणाची?

गेले तीन आठवडे आमच्या घरात एकाच विषयावर चर्चासत्र चालू आहे. डिसेंबरच्या शटडाऊनमध्ये लान्सारोतेला जायचं, तर ते कसं जायचं? 'जायचं का' हा प्रश्न सुटलाय. अण्णांनी (म्हणजे माझ्या सासऱ्यांनी) मुदत संपलेली एक ठेव पुढे केली आणि जाहीर केलं, "मला एकदा ज्वालामुखी बघायचाय. गुडघे चालतायत तोवर." पिंपरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं तीन पाळ्यांमध्ये काढलेल्या माणसाने आजवर सुट्टी म्हणजे गावची जत्रा आणि लग्नकार्यं एवढंच पाहिलंय. त्यामुळे त्यावर कोणी काही बोललं नाही.

वाद आहे तो पुढचा. नणंदबाईंनी एक पॅकेज शोधून काढलंय. सात रात्री, एकच रिसॉर्ट, मनगटाला पट्टा, खाणंपिणं सगळं त्यातच, तीन जलतरण तलाव, आणि 'समुद्राला लागून'. ज्वालामुखी? तो 'ऐच्छिक अर्धा दिवस' या सदरात. आमच्या चिरंजीवांना (वय वर्षं अकरा) तलावातली घसरगुंडी दिसली आणि त्यांनी तत्काळ आत्याचा पक्ष धरला.

माझं मत वेगळं आहे. घरात ते तुकड्यातुकड्याने मांडून झालं, प्रत्येक वेळी मध्येच कोणाची तरी चहाची वेळ झाली. म्हणून इथे सलग लिहिते. नाशिकच्या मामी आणि साताऱ्याची मंडळी वाचतातच, त्यांनीही निवाडा द्यावा.

आधी बेटाची ओळख. लान्सारोते हे स्पेनचं बेट, पण स्पेनच्या जवळ नाही. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर, मोरोक्कोपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कॅनरी बेटं म्हणतात त्या पुंजक्यातलं हे एक. क्षेत्रफळ ८४६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीच्या साडेचार पटींहून थोडं जास्त. वस्ती मात्र दीड लाखाच्या थोडी वर. इथे २०११च्या जनगणनेतच आपण सतरा लाख होतो! आणि त्या दीड लाखांच्या बेटावर वर्षाला तीस लाखांच्या वर पाहुणे उतरतात.

एवढे पाहुणे कशाला येतात? उन्हाला. माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ इथे आहे.

इंग्लंड-जर्मनीत डिसेंबर-जानेवारीत चारच्या सुमाराला दिवस मावळतो. आभाळ राखाडी, हाडांत थंडी. अशा माणसाला विमानाने चार-साडेचार तासांवर वीस-एकवीस अंशांचं ऊन मिळत असेल तर तो दुसरं काय मागेल? त्याने आठ दिवस वाळूवर नुसतं पडून राहावं, त्याला त्याची गरज आहे. १९६०-७०पासून चार्टर विमानं सुरू झाली आणि या बेटांवर जे रिसॉर्ट उभे राहिले ते या माणसासाठी. प्वेर्तो देल कार्मेन, प्लाया ब्लांका, कोस्ता तेगीसे ही तिथली मोठी रिसॉर्ट-गावं. पलंग कसा ठेवायचा, छत्री कुठे लावायची, तलावाचं तोंड कुठल्या दिशेला, सगळं त्याच्या हिशोबाने.

आता आपण बघू. चाकण-भोसरी-निगडी पट्ट्यातल्या माणसाला उन्हाचा तुटवडा आहे का? एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो तेव्हा आपण ऊन टाळायला पडदे ओढून बसतो. तळेगाव-चाकण रस्त्यावर दुचाकीवरून जाणारी मुलगी चेहऱ्याला ओढणी गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून जाते. आणि हीच मंडळी आठ दिवस उन्हात पालथं पडायला काही लाख रुपये घालवणार!

बरं, समुद्राचं म्हणाल तर डिसेंबरमध्ये तिथलं पाणी १९-२० अंशांच्या आसपास असतं. मँचेस्टरहून आलेल्याला ते ठीक वाटत असेल. मालवणच्या कोमट पाण्यात डुंबलेली आमची पोरं घोट्यापर्यंत पाय बुडवतील आणि किंचाळत बाहेर येतील, हे मी आत्ताच लिहून देते. शिवाय बेटावर वारा जोराचा असतो.

म्हणजे तो रिसॉर्ट वाईट नाही. तो दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा आहे. 'झिंदगी ना मिलेगी दोबारा' २०११ साली आला तेव्हापासून आपल्याकडे स्पेनचं एक चित्र तयार झालंय. निळं पाणी, उघडी गाडी, मोकळे केस. ते चित्र छानच आहे. पण सुट्टी ठरवताना पहिला प्रश्न 'तिथे काय मिळतं' हा नसावा. 'आपल्याला काय कमी पडतंय' हा असावा. मी घरातल्या प्रत्येकाला तोच विचारला. उत्तरं अशी: शांतता. हॉर्न नको. मोकळी जागा. घड्याळ नको. कोणीतरी आयतं जेवायला वाढावं (हे माझं आणि आईंचं एकमताने). ऊन कोणीच म्हटलं नाही.

आता अण्णांचा ज्वालामुखी.

१७३० साली जानेवारीत पुण्यात बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला. त्याच वर्षी १ सप्टेंबरच्या रात्री नऊ-दहाच्या सुमारास लान्सारोतेवर जमीन फाटली. याइसा गावचे धर्मगुरू आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो यांनी पुढे काय काय होत गेलं त्याची टिपणं ठेवली, म्हणून आज ते तपशिलाने माहीत आहे. एका रात्रीत डोंगर वर आला, मग लाव्हा वाहू लागला. इकडे शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला, वास्तुशांत झाली, लोक राहायलाही गेले. तिकडे आग चालूच. सहा वर्षं, १७३६पर्यंत. गावंच्या गावं गाडली गेली, बेटावरची सगळ्यात चांगली शेतजमीन गेली. साधारण २०० चौरस किलोमीटर भाग लाव्हा आणि राखेखाली गेला. आपलं पिंपरी-चिंचवड १८१ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे निगडीपासून दापोडीपर्यंत आणि मोशीपासून वाकडपर्यंत सगळं झाकून वर थोडं उरेल. १८२४ साली पुन्हा एकदा लहान उद्रेक झाला. त्यानंतर हे बेट शांत आहे.

तो भाग आज तिमानफाया राष्ट्रीय उद्यान आहे, १९७४पासून. तिथे मनाला येईल तसं हिंडू देत नाहीत, कारण राखेवर उमटलेलं पाऊल वर्षानुवर्षं पुसलं जात नाही. उद्यानाच्या गाडीत बसवतात आणि लाव्ह्यातून वळणं घेत फिरवून आणतात, मध्ये उतरायचं नाही. अण्णांच्या गुडघ्यांना याहून सोयीचा ज्वालामुखी जगात नसेल! फेरी संपली की रखवालदार जमिनीतल्या नळीत बादलीभर पाणी ओततो आणि दोन क्षणांत वाफेचा फवारा उसळतो. खड्ड्यात वाळकी काटकी टाकली की ती आपोआप पेटते. शेजारच्या उपाहारगृहात जमिनीतून येणाऱ्या त्याच उष्णतेवर जाळी ठेवून भाजतात. जवळपास तीनशे वर्षं झाली तरी खाली धग आहे.

'ऐच्छिक अर्धा दिवस' म्हणजे सकाळी मोठ्या बसने रांगेत नेऊन जेवणाच्या वेळेला परत पट्टा-तलाव. हे बघायला अण्णांची ठेव मोडायची?

यावर नणंदेच्या यजमानांचा मुद्दा असा, की काळा दगडच बघायचा तर मोशीच्या खाणीत जा, पेट्रोलचे दोनशे रुपये पुरतील. ते विनोदाने म्हणाले, पण मला तो मुद्दा फार आवडला. कारण ते अगदी खरं आहे. आपण राहतो तोही ज्वालामुखीचाच दगड आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो दगड आहे, काही ठिकाणी दोन किलोमीटरपर्यंत जाड. लोहगडावरून समोरच्या डोंगराकडे बघा, पायऱ्या पायऱ्या दिसतात ना, ते एकेक थर. कार्ल्याची, भाज्याची, आपल्या शेजारच्या घोरावडेश्वराची लेणी त्याच दगडात कोरलेली. मोशीच्या खाणीतली खडी तीच. आपण ज्या इमारतीत राहतो तिच्या काँक्रीटमध्ये तीच. कपाशी-उसाची काळी माती म्हणजे त्याच दगडाचा भुगा.

फरक वयाचा आहे. आपला दगड इतका म्हातारा झालाय की त्यावर माती चढली, गवत आलं, गावं वसली, त्यांच्या एमआयडीसी झाल्या. आता त्याच्याकडे बघून कोणाला आग आठवत नाही. लान्सारोतेवर तोच दगड शनिवारवाड्याच्या वयाचा आहे. त्याच्यावर अजून माती नाही, दगडफूल नुकतं धरू लागलंय. आपल्या पायाखालच्या जमिनीचं बाळपण बघायला मिळतं म्हणा ना. यासाठी एवढ्या लांब जावंसं वाटणं मला पटतं. वाळूसाठी नाही.

म्हणून मी अट घातलीय की जायच्या आधी दोन गुरुवार (इथली कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, हे बाहेरच्या नातेवाइकांना सांगावं लागतं) मुलांना घेऊन घरचा दगड बघायचा. एक गुरुवार निघोजला. तिथे कुकडी नदीने याच कातळात रांजणखळगे कोरलेत. दुसरा जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला. तिथे त्याच कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे, आणि गंमत म्हणजे ती राख इथली नाहीच. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, हजारो किलोमीटर उडून आलेली. ती नेमक्या कुठल्या उद्रेकातली, किती जुनी, यावर शास्त्रज्ञ बरीच वर्षं वाद घालतायत. आमच्याकडे सुट्टीवरून चाललेत तसेच. :)

आता आईंचा प्रश्न. "मी तिथे खाऊ काय?" त्या शुद्ध शाकाहारी. यावरून पॅकेजचा पक्ष पुन्हा बळावला, कारण रिसॉर्टमध्ये 'इंडियन कॉर्नर' असेल अशी आशा. मी म्हटलं, बेटावरच्या गरिबांचं जेवण बघा आधी. बारके बटाटे सालासकट भरपूर मिठाच्या पाण्यात सुरकुत्या पडेपर्यंत उकडतात. त्यांना म्हणतात पापास आरुगादास, म्हणजे सुरकुतलेले बटाटे. त्याबरोबर मोहो नावाचं तोंडीलावणं. लाल मोहोत सुकी मिरची, लसूण, जिरं, तेल. हिरव्यात कोथिंबीर. हा आपल्या ठेच्याचा लांबचा मावसभाऊच. शिवाय गोफियो, म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ, दुधात किंवा पाण्यात कालवून खायचं. आई म्हणाल्या, "अगं, हे तर सातू!" त्या क्षणी एक मत माझ्या बाजूला आलं.

शेतीचंही असंच. वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस. नदी नाही, ओढा नाही. लाव्ह्याने जमीन झाकल्यावर शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की बारीक काळी राख मातीवर पसरली तर ती रात्रीचा ओलावा धरून ठेवते, खालचा उडू देत नाही. मग ला हेरिया भागात त्यांनी राखेत मोठाले खोलगट खड्डे केले, प्रत्येकाच्या तळाशी एक द्राक्षवेल लावली आणि वाऱ्याच्या बाजूला अर्धगोल दगडी बांध रचला. अशा हजारो खड्ड्यांनी काळा डोंगरउतार भरलेला आहे. इतरत्र याच राखेच्या पद्धतीने कांदा, रताळी, मसूर काढतात. चाकणच्या कांद्याच्या बाजारात उमेदीची वर्षं काढलेले आमचे शेजारचे काका हे ऐकून खुर्चीत सरसावून बसले. एका वेलीला एक खड्डा, ही चैन आहे की चिकाटी, यावर ते अर्धा तास बोलत होते. रिसॉर्टच्या कुंपणात यातलं काय दिसणार?

आता जरा जड विषय. पण टाळता येणार नाही.

त्या बेटावर सेसार मान्रिके नावाचा चित्रकार होऊन गेला (१९१९-१९९२). न्यूयॉर्कला नाव कमावून १९६०च्या दशकात तो परत आला, नेमका पर्यटनाची लाट सुरू होताना. त्याने स्वतःचं घर लाव्ह्यातल्या पाच बुडबुड्यांमध्ये बांधलं. लाव्ह्याच्या बोगद्यात हामेओस देल आग्वा उभं केलं. तिथल्या तळ्यात आंधळे, पांढरे, बोटाच्या पेराएवढे खेकडे राहतात. नाण्यांचा धातू त्यांना मारतो म्हणून पाण्यात पैसे टाकायला मनाई आहे. पण त्याचं खरं काम वेगळं. त्याने लोकांना आणि सरकारला पटवलं की घरं ठेंगणी आणि पांढरी असावीत, रस्त्याकडेला जाहिरातीचे फलक नसावेत. पर्यटन आवरा, नाहीतर ज्यासाठी पाहुणे येतात तेच संपेल, हे तो शेवटपर्यंत ओरडून सांगत राहिला. १९९३ साली युनेस्कोने बेटाला जैवावरण क्षेत्र म्हणून मान्यता दिली, पण ते बघायला तो नव्हता. आदल्या वर्षीच मोटार अपघातात गेला. त्याचं सगळंच ऐकलं गेलं असंही नाही. प्लाया ब्लांका भागातल्या बऱ्याच हॉटेलांचे बांधकाम परवाने पुढे न्यायालयांनी बेकायदा ठरवले.

फलक नसलेला रस्ता ही गोष्ट आम्हा पिंपरी-चिंचवडकरांना किती मोठी वाटते, ते कसं सांगू? १७ एप्रिल २०२३ला किवळ्याला महामार्गाच्या सेवा रस्त्यावर वादळात फलक कोसळला, आडोशाला थांबलेली पाच माणसं गेली. त्या जागेजवळून आम्ही कित्येकदा जातो. मुलांनी एकदा तरी असा मुलूख बघावा जिथे आभाळ विकायला काढलेलं नाही.

दुसरं पाण्याचं. बेटावर गोडं पाणी जवळजवळ नाहीच, १९६०च्या दशकापासून समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात. त्याला वीज लागते आणि विजेला बाहेरून आणलेलं इंधन. म्हणजे ते तीन तलाव, रोज धुतले जाणारे टॉवेल, हिरवळ, सगळं त्याच पाण्यावर. २० एप्रिल २०२४ला कॅनरी बेटांवर हजारो माणसं रस्त्यावर उतरली. घोषणा होती, कॅनरी बेटांना मर्यादा आहे. बावीस लाखांच्या वस्तीत वर्षाला दीड कोटीहून अधिक पाहुणे, स्थानिकांना परवडणारं भाड्याचं घर मिळत नाही, पाणी पुरत नाही. 'पर्यटक नकोत' असं नाही, 'इतके आणि असे नकोत' हे त्यांचं म्हणणं. गोव्यात हे आधीच होऊन गेलंय. १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'जागृत गोंयकारांची फौज' चार्टर पर्यटनाविरुद्ध उभी राहिली, तेव्हा आपण बाकीच्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं.

आणि पाण्याच्या बाबतीत आपण तर शहाणे असायला हवं. नोव्हेंबर २०१९मध्ये आपल्या शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं. टाकी भरण्याचे दिवस आईंना तिथीसारखे पाठ झाले. आपल्या शहराचं पाणी येतं ते मुख्यतः मावळातल्या पवना धरणाचं. त्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, गोळीबार झाला, तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. आपल्या नळाच्या दुसऱ्या टोकाला माणसं असतात, हे आपल्याला कोणी परदेशात शिकवायला नको. मग पाहुणे म्हणून जाताना तरी बेटाचं कमी पाणी पिणारी जागा निवडावी. गावात घर भाड्याने घेतलं तर स्थानिकांची घरं कमी होतात, ही अडचणही आहेच. म्हणून माझा कल छोट्या, कुटुंबाने चालवलेल्या अतिथीगृहाकडे. तलाव नसला तरी चालेल, मालक तिथलाच हवा.

आता समोरच्या बाजूचं. ते मी खरोखर मानते.

नणंदबाई आणि त्यांचे यजमान दोघंही चाकणला नोकरी करतात. सकाळी पावणेसहाला कंपनीची बस, संध्याकाळी त्या चौकातला तास-दीड तास, घरी येऊन स्वयंपाक, मुलीचा अभ्यास. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुझा इतिहास-भूगोल ठीक आहे. मला आठ दिवस कुठलाच निर्णय घ्यायचा नाहीये. भाजी काय करू, हा सुद्धा." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही पूर्ण नाही. दमलेल्या माणसाला ज्ञान पाजू नये. पट्ट्यात ती सुटका आहे, हे मान्य. पण ती सुटका बेटाशी बांधलेली नाही. तीच सुटका तारकर्लीला मिळते, समुद्र तिथे डिसेंबरात पोहण्याजोगा असतो, भाषा आपली, मासळी आपली (आईंसाठी सोलकढी आणि उसळ). सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तिथल्या लोकांच्या हातात चार पैसे पडतील. नुसतं पडून राहायचं असेल तर मे महिन्यातला किंवा दिवाळीचा आठवडा तिथे घ्यावा, निम्म्याहून कमी खर्चात. लान्सारोते मात्र त्याच्या दगडासाठी बघावं.

म्हणून माझा प्रस्ताव असा, मंडळी.

पहिलं, वेळेचा हिशोब. इथून मुंबई, मुंबईहून युरोपातलं एखादं शहर, तिथून पुन्हा विमान (माद्रिदहून अडीच-पावणेतीन तास). जाण्यात एक अख्खा दिवस आणि येण्यात एक धरावाच. त्यामुळे 'युरोप सात देश' टूरमध्ये हे बेट कोंबू नये. शटडाऊनचे नऊ-दहा दिवस धरले तर हातात सात.

दुसरं, सातांची वाटणी. तिमानफायाला एक पूर्ण दिवस, सकाळी पहिल्या गाडीला. ला हेरिया आणि याइसा एक दिवस. उत्तरेकडचं हामेओस देल आग्वा आणि मान्रिकेचं घर एक दिवस, पण हामेओसला पायऱ्या आहेत, अण्णांनी वरच कॉफी घ्यावी. एक दिवस पोरांना समुद्र आणि घसरगुंडी, दिवसाचं तिकीट काढून. आणि तीन दिवस कोरे. अगदी कोरे, नणंदबाईंच्या नावावर. त्या तीन दिवसांत भाजीचा प्रश्न कोणीही त्यांना विचारणार नाही. स्वयंपाकाचा, बाजाराचा, बसच्या वेळापत्रकाचा निर्णय माझ्याकडे. (तिथे बसला ग्वाग्वा म्हणतात. चिरंजीवांना बेटाबद्दल पहिल्यांदा आस्था वाटली ती या शब्दामुळे.)

तिसरं, कागद. बेट स्पेनचं, त्यामुळे शेंगेन व्हिसा. जून २०२४पासून मोठ्यांना ९० युरो शुल्क, सहा ते बाराच्या आतल्या मुलांना त्याच्या निम्मं. किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध हवा. आपण आठ जण, त्यात अण्णांचा आणि आईंचा पासपोर्ट निघायचाच आहे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि नाताळच्या गर्दीत मुलाखतीची वेळ मिळणं अवघड, म्हणून हे पावसाळ्यातच उरकायचं. गाडी भाड्याने घ्यायची तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागेल. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे यजमानांनी ऐकलं आणि ते म्हणाले, "आपल्याकडे दोन्ही बाजूंनी चालतात, सराव आहे."

नणंदबाईंनी प्रस्तावावर विचार करायला पुढच्या गुरुवारपर्यंत मुदत मागितली आहे. तोवर पॅकेजवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची नाही, एवढं ठरलंय. निघोजला मात्र सगळेच येतायत, डबा माझ्याकडे. तुमच्यापैकी कोणी कॅनरी बेटांवर जाऊन आलं असेल तर दोनच गोष्टी कळवा: डिसेंबरात स्वेटर किती जाड लागतो, आणि ज्येष्ठांना त्या उद्यानाच्या गाडीत चढायला किती पायऱ्या आहेत.